तोंड चष्मेवाल्याचं, टाकी नगरपालिकेची

चष्मेवाल्याकडून डोळे खुशाल तपासून घ्यावेत, पण जाताना कान घरी ठेवून जावं, असं बाजारात सगळे म्हणत. त्याने काढलेला नंबर कधी चुकला नव्हता आणि त्याने सांगितलेली गोष्ट कधी खरी निघाली नव्हती. दोन्ही कामांत माणूस सारखाच चोख.

डोळे तपासताना तो अगदी वेगळा असायचा. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, तिच्या खाचेत एक काच सरकवायची, ती काढून दुसरी सरकवायची आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट दाखवून विचारायचं, “ही बरी की ती?” बस्स. उत्तर गिऱ्हाइकाने द्यायचं. तो मान डोलवायचा नाही, भुवईसुद्धा हलू द्यायचा नाही. चष्मेवाल्याची भुवई हलली की गिऱ्हाईक त्याला आवडेल असं उत्तर देतं आणि पुढे वर्षभर जिन्याच्या पायऱ्या चुकतं, असं त्याचं मत होतं. त्याच्या मतांपैकी विश्वास ठेवण्यासारखं तेवढं एकच.

फ्रेम उतरली की मात्र बांध फुटायचा. सर्कशीतल्या वाघाला आपण जवळचा चष्मा कसा दिला आणि वाघाने फ्रेमच्या रंगावरून किती कटकट केली, हे तो तपशिलासकट सांगायचा. त्याचे सासरे समुद्रात हरवले होते आणि दोन वर्षांनी एका परक्या कोळ्याच्या जाळ्यात सापडले होते, तब्येत आधीपेक्षा सुधारलेली. चष्मेवाल्याचं लग्नच झालेलं नाही, हे ऐकणाऱ्याला दुकानाची पायरी उतरल्यावर आठवायचं. लोक त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे लोणकढी. हे त्यालाही माहीत होतं आणि दुसरं नाव त्याला जास्त आवडायचं. त्याच्या थापेने कधी कुणाचं नुकसान झालं नव्हतं, कारण ती आजवर कुणी वापरलीच नव्हती.

या थापांना बाजारात एक न्यायाधीश होती. त्याची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. नवरा गेल्यावर तिने पाण्याच्या टाकीखाली शिलाई मशीन मांडलं आणि त्याच मशीनवर दोन मुलींना मार्गी लावून धाकट्या भावाला चष्म्याचं शिक्षण दिलं. टाकीच्या सावलीत बाजारातली बरीच दुकानं होती. ताईची जागा उत्तरेच्या दोन खांबांमध्ये. खांबांना खिळे मारून तिने शिवलेले कपडे टांगले होते. भावाची नवी थाप ऐकली की ती सुईवरून नजर न काढता निकाल द्यायची, “बरी आहे,” नाहीतर, “मागची बरी होती.” जवळचा चष्मा तिला भावानेच दिला होता. लांबचाही लागतो, असं तो कित्येक वर्षं सांगत होता. ती म्हणायची, लांबचं बघून काय करायचंय, जे यायचं असतं ते जवळ येतंच.

आता टाकीबद्दल. टाकीला भेग पडली होती.

पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरने शिडी लावून ती स्वतः पाहिली होती. उत्तरेच्या दोन खांबांची डोकी तडकली होती आणि भेगेत बोट जात होतं. टाकी ताबडतोब रिकामी करून पाडायला हवी, असं त्याने नगराध्यक्षांना सांगितलं. नगराध्यक्ष म्हणाले की निवडणूक तोंडावर आली आहे आणि कोरडा नळ मत देत नसतो. इंजिनियर म्हणाला, टाकी पडू शकते. निवडणुकीच्या आधी पडेल की नंतर, असं नगराध्यक्षांनी विचारलं. ते सांगता येणार नाही, असं इंजिनियर म्हणाला. मग नीट अभ्यास करून या, असं सांगून नगराध्यक्षांनी त्याला वाटेला लावलं.

पण भिंतींना कान असतात आणि नगरपालिकेच्या भिंतींना तर तोंडही असतं. बाजारात कुजबूज सुरू झाली. तेव्हा नगराध्यक्षांनी जनसंपर्क अधिकाऱ्याला बोलावलं. हा तरुण, गोड बोलणारा, इस्त्रीची घडी कधी न मोडणारा माणूस. त्याने सांगितलं की आपण ‘भेग नाही’ म्हणालो तर लोकांची खात्रीच पटेल, कारण आपण याआधी काय काय नाही म्हणालो आहोत ते त्यांच्या लक्षात आहे. गप्प बसलो तर कुजबूज वाढेल. बातमी दाबायची नसते, ती योग्य माणसाच्या हाती सोपवायची असते.

“म्हणजे कुणाच्या?” नगराध्यक्षांनी विचारलं.

“या शहरात सगळ्यात जास्त थापा कोण मारतं?”

खोलीतल्या सगळ्यांनी आदराने आधी नगराध्यक्षांकडे पाहिलं. मग कुणीतरी सावरून घेत चष्मेवाल्याचं नाव सुचवलं.

अधिकारी दुसऱ्याच दिवशी दुकानात गेला. डोळे तपासून घेतले. नजर उत्तम निघाली. मग खुर्ची जवळ ओढून त्याने काम सांगितलं. विरोधक टाकीबद्दल अफवा उठवणार आहेत. ती एखाद्या भल्या माणसाच्या तोंडून गेली तर लोक घाबरतील, चेंगराचेंगरी होईल. पण तीच तुमच्या तोंडून आधी गेली तर लोक हसतील आणि अफवा जागीच मरेल. शहरावर उपकार होतील.

टाकी धड आहे ना, असं चष्मेवाल्याने विचारलं. अधिकाऱ्याने खिडकीतून बोट दाखवलं आणि विचारलं, “उभी आहे की नाही?”

उभी होती. दुसऱ्या कुणाला या मागणीचा राग आला असता. चष्मेवाल्याला मात्र भरून आलं. इतक्या वर्षांत सरकारदरबारी त्याच्या कलेची दखल कुणी घेतली नव्हती.

त्याने कामात कसर ठेवली नाही. टाकीला एवढी भेग पडली आहे की तिच्यात कबुतरांनी संसार थाटला आहे, असं त्याने पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं, परवा भेगेतून मासा पडला, थेट भाजीवालीच्या तराजूत, आणि तिने तो भोपळ्याच्या भावाने विकला. नगराध्यक्ष टाकीखालून जाताना छत्री उघडतात, ही त्याची विशेष दाद मिळालेली भर होती. आठवडाभरात सगळा बाजार हसू लागला. टाकीकडे निघालेल्याला लोक विचारायचे, “छत्री घेतलीस का?” ज्यांना खरोखर धास्ती वाटत होती तेही हसू लागले, कारण लोणकढीच्या थापेवर विश्वास ठेवला असं कुणी म्हणणं, ही टाकी अंगावर पडण्यापेक्षा मोठी नामुष्की होती. ताईने निकाल दिला, “मासा बरा आहे. कबुतरं नको होती.”

मग एका सकाळी पाणीपुरवठ्याचा इंजिनियर दुकानात आला. हल्ली अक्षरं हलतात, म्हणाला. तपासलं तर डोळ्यांत काही दोष नव्हता, झोपेत होता. चष्मेवाल्याने फ्रेम उतरवली आणि सवयीप्रमाणे टाकीची गोष्ट सुरू केली. कबुतरं झाली, मासा झाला, छत्री झाली. इंजिनियर हसेना.

“भेग उत्तरेच्या खांबांना आहे,” तो म्हणाला. “कबुतरं नाहीत. बाकी बरोबर आहे.”

चष्मेवाल्याने फ्रेम पुसायला घेतली, पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. त्याला पहिल्यांदा वाटला तो अपमान. जन्मभर सांभाळलेल्या तोंडातून कुणीतरी न विचारता खरं वदवून घेतलं होतं. मग त्याला उत्तर दिशा आठवली.

“कपडे टांगलेत, तेच खांब?”

“तेच.”

तुम्ही का सांगत नाही लोकांना, असं त्याने विचारलं. इंजिनियर म्हणाला, ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं, आता बाहेर बोललो तर नोकरी जाईल. घरात तीन माणसं आजारी आहेत.

“तुम्ही सांगितलंत तर तुम्हाला कुणी काही करणार नाही, काका.”

“तेच म्हणतोय मी,” चष्मेवाला म्हणाला. “कुणीच काही करणार नाही.”

दुकान उघडं टाकून तो टाकीखाली गेला. ताई एका शर्टाला कॉलर लावत होती. समोर दोन बायका माप द्यायला थांबल्या होत्या. त्याने इकडचं तिकडचं न बोलता सांगितलं की मशीन उचल, टाकीला खरंच भेग आहे, इथे बसू नकोस.

“मागची बरी होती,” ताई म्हणाली.

बायका हसल्या. त्याने सांगितलं की हे इंजिनियरने स्वतः सांगितलंय. ताईने आठवण करून दिली की वाघाच्या वेळी सर्कशीचा मालक स्वतः आला होता. त्याने सांगितलं की आधी मी खोटं म्हणून सांगत होतो ते खरं निघालंय. हे वाक्य माप द्यायला आलेल्या दोघींनी एकमेकींना परत म्हणून दाखवलं, तरी कुणाला अर्थ लागला नाही.

“तुझी शपथ, ताई.”

“माझी शपथ तू इतक्यांदा खाल्लीस आणि मी अजून कॉलर लावतेय. त्यावरूनच कळतं टाकी किती भक्कम आहे. बाजूला हो, उजेड अडवतोयस.”

उजेड खरंच अडत होता. तो बाजूला झाला. वर पाहिलं तर ताडपत्र्यांच्या फटीतून खांबाचं डोकं दिसत होतं, ओलसर, काळपट. जन्मभर तसंच दिसत आलं होतं, म्हणूनच कुणी बघत नव्हतं.

तिथून तो तडक नगरपालिकेत गेला. अधिकाऱ्याने त्याला बसवलं, पाणी दिलं, कामाची तारीफ केली. चष्मेवाला म्हणाला, तुम्ही मला फसवलंत, आता मी चौकात उभा राहून सगळ्यांना खरं सांगणार आहे.

“जरूर सांगा,” अधिकारी म्हणाला. “ओरडून सांगा. हवा तर कर्णा देतो. तुम्ही जितकं जोरात सांगाल तितकं आमचं काम हलकं. काका, काय सांगितलं ते लोक ऐकतच नाहीत हो, ते तोंड बघतात. तुमचं तोंड शहरात नामांकित आहे.”

हे तो काही कुचेष्टेने बोलला नव्हता. कौतुकानेच बोलला, म्हणून ते जास्त लागलं.

चष्मेवाल्याने घरी जाऊन विचार केला आणि त्याला एक युक्ती सुचली. आपण जे म्हणतो त्याच्या उलट लोक धरतात, तर आपण उलटंच म्हणावं. दुसऱ्या दिवशी तो दिसेल त्याला सांगू लागला की टाकी ठणठणीत आहे, भेग वगैरे काही नाही, अजून शंभर वर्षं हलायची नाही. वाटलं होतं, लोक हे ऐकून पळत सुटतील. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. “चला,” पानवाला म्हणाला, “एकदाचं खरं बोललात काका.” ताईनेही मान वर केली. “शेवटी कंटाळलास ना? मला वाटलंच होतं, भेगेत काही दम नव्हता.” भाजीवालीने तर तेवढ्यात आपली टोपली दक्षिणेकडून उत्तरेच्या थंड सावलीत आणून मांडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्यानंतर तो गप्प झाला. दुकानात बसायचा, काचा पुसायचा. टाकीच्या दिशेने काही पडल्याचा आवाज आला की उठून दारात जायचा. कधी बादली असायची, कधी दुकानाची फळी. परत येऊन बसायचा.

अशात एक ट्रकचालक आला. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत, पण तसं काही विशेष नाही, म्हणाला, सगळ्यांना अशाच दिसत असणार. चष्मेवाल्याने फ्रेम चढवली, काचा बदलत गेला. ही बरी की ती, ती बरी की ही. योग्य काच बसली तेव्हा ट्रकचालकाने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून काढला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, त्या झाडाला पानं सुटी सुटी आहेत. चष्मेवाला पुढचा प्रश्न विचारणार होता. ट्रकचालक म्हणाला, “राहू द्या काका. तुम्ही काही सांगू नका. मला दिसतंय.”

चष्मेवाल्याच्या हातातली काच हातातच राहिली. या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्याने आजवर काही सांगितलंच नव्हतं. नुसतं विचारलं होतं. आणि या खुर्चीतून उठताना त्याच्यावर कुणी अविश्वास दाखवला नव्हता.

त्याच दुपारी तो पुन्हा नगरपालिकेत गेला आणि अधिकाऱ्याची माफी मागितली. रागाच्या भरात बोललो, म्हणाला. शहरासाठी काहीतरी करावंसं वाटतं. बाजाराच्या दिवशी टाकीखाली फुकट डोळे तपासावेत म्हणतो, परवानगी असावी. निवडणूक तोंडावर, डोळे फुकट आणि तपासणारा पश्चात्तापदग्ध. अधिकाऱ्याने परवानगी तर दिलीच, वर ‘नगरपालिकेच्या सौजन्याने’ असा मोठा कापडी फलकही करून दिला.

बाजाराच्या दिवशी सकाळीच चष्मेवाल्याने दिवाबत्तीवाल्याची शिडी मागून आणली, उत्तरेच्या खांबाला लावली आणि अक्षरांचा तक्ता घेऊन वर चढला. इतक्या उंच कशाला, असं खालून कुणीतरी विचारलं. वरची हवा स्वच्छ असते, अक्षरं लवकर खराब होत नाहीत, असं त्याने सांगितलं. लोकांना ते पटलं नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं. खांबाच्या डोक्याशी पोचल्यावर त्याने ताडपत्री बाजूला सारली. तक्त्याचा खिळा त्याला ठोकावा लागला नाही. भेगेत तो नुसता ठेवला आणि बसला. चष्मेवाला शिडीवर क्षणभर तसाच उभा राहिला. मग खाली उतरला.

खुर्ची त्याने सावलीबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उन्हात मांडली. वर फलक. पहिला नंबर ताईचा. ती येईना. गिऱ्हाइकं खोळंबली आहेत, म्हणाली. मग बाजारातल्या बायकांनीच तिला आग्रह केला की भावाने फुकट शिबिर घातलंय, तूच नाही बसलीस तर बरं दिसतं का. गळ्यात टेप, बोटात अंगठीसारखं अंगुस्तान, अशी ती येऊन बसली.

“लवकर आटप. आणि गोष्ट नको.”

“नाही सांगत,” तो म्हणाला.

फ्रेम चढली. पहिली काच.

“काही दिसत नाही. पांढरा ठिपका दिसतो.”

दुसरी काच. वरचं मोठं अक्षर तिने वाचलं. तिसरी. दोन ओळी वाचल्या. आजूबाजूला गर्दी जमली होती, कारण फुकट काही चाललं असलं की आपल्याला नको असलं तरी बघावं लागतं. त्याने अजून एक काच सरकवली. ताई सरळ बसली. खालची बारीक ओळसुद्धा तिने न अडखळता वाचून दाखवली आणि स्वतःवरच खूश झाली. चष्मेवाला वाट बघत उभा राहिला.

“आणि ती रेघ कसली रे? तक्त्यावरचीच आहे का?”

त्याने उत्तर दिलं नाही.

“तक्त्याच्या बाहेर जातेय. वर. पार टाकीपर्यंत.”

चष्मेवाल्याच्या घशाशी कबुतरं आली, मासा आला, नगराध्यक्ष छत्रीसकट आले. एक शब्द तोंडातून गेला असता की संपलं होतं. गर्दी हसली असती, ताईने ‘मागची बरी होती’ म्हटलं असतं आणि उठून परत त्या खांबांमध्ये जाऊन बसली असती. जे तोंड बंद कसं करायचं हे त्याला जन्मभर ठाऊक नव्हतं, ते त्याने दातांनी धरून ठेवलं. भुवई हलू नये म्हणून कपाळाला ताण दिला. नवी काच काढली, आधीची पुसट काच परत घातली आणि विचारलं, “ही बरी की ती?”

“हिच्यात रेघ जाते.”

पुन्हा चांगली काच घातली.

“हिच्यात येते. पाणी झिरपतंय तिच्यातून.” ताई थांबली. “रेघ नाही ही. भेग आहे.”

ताई भावाकडे वळली. नाकावर ती जड फ्रेम तशीच होती. तिने त्याचा चेहरा आजवर इतका स्पष्ट कधी पाहिला नसावा. त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तिला काय वाचायचं होतं कोण जाणे, पण ती उठली, फ्रेमसकट रस्ता ओलांडून गेली, खांबावरचे कपडे भराभर काढून खांद्यावर टाकले आणि मशीनला हात घातला. एकटीने उचलेना. तेव्हा चष्मेवाला धावला. दोघांनी मिळून मशीन उन्हात आणलं.

ताईने दिवसाढवळ्या दुकान उचललं, हे बाजाराने कधी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही तिने दुसऱ्या आठवड्यात मशीन लावलं होतं. मग खुर्चीपुढे रांग लागली. मला दाखव, मला दाखव. चष्मेवाला प्रत्येकाला काच लावून तेवढंच विचारत होता आणि प्रत्येकजण भेग स्वतः शोधल्यासारखा उठून आपलं सामान आवरायला जात होता. ज्यांची नजर चांगली होती त्यांना ती चष्म्याशिवायही दिसली. आजवर का दिसली नाही, हे मात्र त्यांना सांगता येईना. भाजीवाली टोपली उचलत म्हणाली, “आणि हा लोणकढी म्हणत होता टाकी ठणठणीत आहे. मी म्हटलंच होतं, याचं कधी ऐकू नये.”

दुपारपर्यंत टाकीखाली चिटपाखरू उरलं नाही. तेव्हा अधिकारी धावत आला. इस्त्री थोडी विस्कटली होती. गैरसमज आहे, गैरसमज आहे, असं तो म्हणत होता. लोकांनी त्याला धरून प्रेमाने खुर्चीत बसवलं. चष्मेवाल्याने फ्रेम चढवली. काच कुठलीच घातली नाही. त्याला लागतच नव्हती, हे आधीच तपासलेलं होतं.

“काय दिसतंय, साहेब?” ताईने विचारलं.

“काही नाही. तक्ता दिसतोय.”

“आणि शेजारी?”

“शेजारी काही नाही.”

गर्दीतली एक म्हातारी कळवळून म्हणाली, “साहेबांना जाड काच लावा हो. एवढं तरुण पोर.” अधिकाऱ्याने वर पाहिलं. डोक्यावर ‘नगरपालिकेच्या सौजन्याने’ फडफडत होतं.

पाणी उतरवायला त्याच संध्याकाळी सुरुवात झाली. नगरपालिकेने पत्रक काढलं की नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी खास नेत्रतपासणी मोहीम राबवून धोका वेळीच हेरण्यात आला. नळ कोरडे पडले, टँकर आले, भांडणं झाली आणि नगराध्यक्ष शहर वाचवणारा माणूस म्हणून भरघोस मतांनी निवडून आले. इंजिनियरची बदली उद्यान खात्यात झाली, जिथे पडण्यासारखं काही नव्हतं. रिकामी टाकी पाडायला कंत्राटदार नेमला. त्याने हातोडा लावायच्या आधीच उत्तरेचा एक खांब आपणहून बसला. कंत्राटदाराने त्याचंही बिल लावलं.

ताईला नवी जागा मिळेपर्यंत तिचं मशीन चष्मेवाल्याच्या दुकानात, पुढच्या अर्ध्या भागात आलं. गिऱ्हाइकांची पंचाईत झाली, कारण आता फ्रेम उतरवून गोष्ट सुरू केली की तिथूनच निकालही लगेच मिळायचा. भावाने तिला वाचवलं असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, “याने कुठे, मला दिसलं म्हणून मी उठले. याच्या सांगण्यावर उठले असते तर तुम्हीच हसला असता.” चष्मेवाला मान डोलवायचा. ते खरंच होतं.

एके दिवशी अधिकारी पुन्हा आला. इस्त्री पूर्ववत. झालं गेलं विसरून तो खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणाला की आता तुमच्या शिबिराला शहरात मान आहे. नवी टाकी उभी राहतेय, कंत्राटदाराबद्दल लोक उगाच शंका काढताहेत. तिच्याखाली एक शिबिर घ्या. लोकांना बसवा, वर बघू द्या, सगळं छान दिसू द्या. काच कोणती लावायची, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

चष्मेवाल्याने हातातली काच उजेडाला धरून पाहिली आणि काहीतरी म्हणाला. अधिकारी खूश झाला, हात जोडून निघून गेला.

ताई मशीनवर एक लांब चादर शिवत होती. पायाची गती मात्र कमी झाली होती.

“काय म्हणत होता रे?”

त्याने सांगितलं, जसंच्या तसं.

“मग तू काय म्हणालास?”

“हो म्हणालो.”

मशीन थांबलं. ताईने जवळचा चष्मा काढून लांबचा चढवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“खोटं बोललास?”

“धडधडीत.”

“मग हे एक टोक धर,” ताई म्हणाली. त्याने चादरीचं टोक धरलं आणि तिने पुन्हा पाय मारला.